लाल नाकाचे वैद्य

दशलक्षण पर्वात आमच्या गल्लीतल्या बस्तीत रोज दुपारी तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय सांगतात. दहा दिवस, दहा अध्याय. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा आणि पहिला अध्याय, दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव आणि दुसरा, असं जोडीनं पुढं जातं. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी हे ऐकते आहे, म्हणजे तीसेक वर्षं झाली. तरी गेल्या खेपेला सातव्या दिवशी एक शब्द पहिल्यांदाच कानात शिरला. 'कौत्कुच्य'. अनर्थदंडविरती व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला हा दुसरा. पहिला कंदर्प, म्हणजे हसत-खिदळत केलेलं असभ्य बोलणं. त्याच्या जोडीला तोंड वेडंवाकडं करणं, हातवारे, अंगविक्षेप आले की कौत्कुच्य. पंडितजी म्हणाले, "आता सोपं करून सांगायचं तर जोकरपणा."

सगळ्या बायका हसल्या. आम्ही चौघी-पाचजणी मात्र एकमेकींकडं बघत राहिलो. कारण त्याच सकाळी, पूजा आटोपल्यावर, आमच्या महिला मंडळाची बैठक झाली होती आणि तिच्यात जोकराचाच विषय निघाला होता.

झालं होतं असं. मंडळाकडं दरवर्षी औषधदानाचे थोडे पैसे जमतात. त्यातून आम्ही सरकारी दवाखान्यातल्या गरीब रोग्यांना औषधं घेऊन देतो. मंडळातल्या एकीची सून बालरुग्ण विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "या वर्षीचे थोडे पैसे वेगळ्या कामाला द्याल का? नाटकात काम करणारी दोन पोरं आहेत. त्यांना दवाखान्यातला विदूषक व्हायचं शिक्षण घ्यायचंय. परत येऊन आठवड्यातून दोन दिवस आमच्या वॉर्डात काम करतील." क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्या मोठ्या अक्का म्हणाल्या, "औषधाच्या पैशात जोकर? काय सांगतीस ग बाई!"

मला त्या वेळी अक्कांचंच पटलं होतं. पण घरी आल्यावर नातवाची आठवण झाली. चार वर्षांचा होता तेव्हा त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दवाखाना चांगला, माणसंही वाईट नव्हती. पण ऑपरेशनच्या दारापाशी त्याला आईच्या कडेवरून उचलून घेतलं आणि दार लोटलं. आत गेल्यावरही त्याचं ओरडणं बाहेर ऐकू येत होतं, मग एकदम थांबलं. ते थांबणं जास्त वाईट. टाके आठ दिवसांत सुकले. पण नंतर कितीतरी महिने पांढरा शर्ट घातलेला माणूस दिसला की हे पोर माझ्या पदराआड लपायचं. किराणा दुकानातले मामासुद्धा त्याला चालेनात.

म्हणून मग मी या विषयाचं मिळेल ते वाचायला लागले. वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट वाटते तितकी पोरकट नाही, आणि तिला पाऊण-एक शतकाचा नव्हे, तरी चाळीस वर्षांचा नीट इतिहास आहे.

हसण्यानं बरं वाटतं हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पण डॉक्टरी जगात त्याची चर्चा सुरू झाली ती नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकामुळं. १९६४ मध्ये त्यांना सांधे आणि पाठीचा कणा धरणारा दुखणाईत आजार झाला. दवाखाना सोडून ते हॉटेलात जाऊन राहिले आणि विनोदी चित्रपट बघत बसले. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेवाचून झोप लागते, असा त्यांचा अनुभव. १९७६ मध्ये त्यांनी तो एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिला, १९७९ मध्ये त्याचं पुस्तक झालं. एका माणसाच्या अनुभवावरून औषधाचा निकाल लावता येत नाही हे खरं. पण त्यानंतर हसण्याविषयी बोलायला डॉक्टरांना लाज वाटेनाशी झाली.

दुसरे पॅच अॅडम्स. हे स्वतः डॉक्टर. १९७१ मध्ये त्यांनी 'गेझुंडहाइट' नावाची संस्था काढली, मित्रांसह एका घरात राहून रोग्यांना फुकट तपासायचे, आणि अंगावर विदूषकाचे कपडे. १९९८ मध्ये रॉबिन विल्यम्सनं त्यांची भूमिका केलेला चित्रपट आला आणि ते जगभर पोचले. आपल्याकडं तो चित्रपट बघताना पुष्कळांना 'मुन्नाभाई' आठवतो. गंमत म्हणजे स्वतः अॅडम्स त्या चित्रपटावर नाराज होते. त्यांचं म्हणणं, मी फुकट दवाखान्यासाठी झगडतोय आणि तुम्ही माझा फक्त गमत्या डॉक्टर करून टाकलात. मला त्यांची नाराजी पटते. दानाची गोष्ट मागं राहिली आणि नाक तेवढं पुढं आलं.

पण आज ज्याला दवाखान्यातला विदूषक म्हणतात, तो डॉक्टर नसतो. तो सर्कशीतून किंवा रंगभूमीवरून आलेला कलावंत असतो. त्याची सुरुवात १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. पॉल बाइंडर आणि मायकेल क्रिस्टन्सन या दोघांनी १९७७ मध्ये 'बिग अॅपल सर्कस' काढली होती. क्रिस्टन्सन स्वतः विदूषक. १९८५ मध्ये त्यांचा भाऊ कर्करोगानं गेला. जाण्याआधी या भावानं त्यांना डॉक्टरची एक बॅग दिली होती. ती घरात पडून होती. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलनं त्यांना बोलावलं. हृदयाची ऑपरेशनं झालेल्या मुलांसाठी एक कार्यक्रम होता, त्यात थोडा वेळ करमणूक करा, एवढंच मागणं. क्रिस्टन्सन भावाची ती बॅग घेऊन गेले, पांढरा कोट घातला आणि 'डॉक्टर स्टब्ज' झाले. मुलांना तपासलं, लाल नाकाचं प्रत्यारोपण केलं. कॅट-स्कॅन करायचा म्हणून मांजर आणणं वगैरे त्यातलंच. मुलं तर हसलीच, पण डॉक्टर-नर्सही हसले. त्यातून 'क्लाऊन केअर युनिट' उभं राहिलं आणि पुढं अमेरिकेतल्या अनेक मोठ्या बालरुग्णालयांत पोचलं.

भाऊ गेल्याच्या दुःखातून, त्याच्याच बॅगेतून हे निघालं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडं माणूस गेला की त्याच्या नावानं बस्तीत काहीतरी देतात. यांनी हे दिलं.

विदूषकानं डॉक्टरचंच सोंग का घ्यावं, याचाही मी विचार केला. लहानपणी आमच्या गावात बहुरूपी यायचा. कधी पोलीस होऊन, कधी डॉक्टर होऊन. पोलीस होऊन आला की आजोबांना दम द्यायचा, आणि एरवी ज्यांच्यापुढं सगळं घर चिडीचूप, ते आजोबा हात जोडून "साहेब, चुकलं" म्हणायचे. आम्ही पोरं लोळायचो. त्यानंतर खऱ्या पोलिसाची भीती थोडी कमीच वाटायची. न्यूयॉर्कच्या डॉक्टर स्टब्जनं निराळं काही केलं नाही. ज्या कोटाची भीती, तोच कोट उलटा घालून दाखवला. आणि सर्कशीतला विदूषक तर आमच्या भागाला मुळीच नवा नाही. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली, म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस होती. कृष्णाकाठच्या पोरांनी जोकर बघितला तो याच तंबूंत. पण तंबूतून उठून दवाखान्यात जायचं मात्र त्याला आमच्याकडं कुणी सुचवलं नाही.

त्याच १९८६ साली कॅनडात विनिपेगच्या बालरुग्णालयात कॅरन रिड नावाची तरुणी 'रोबो' नावाची विदूषक होऊन काम करू लागली होती. न्यूयॉर्कशी तिचा संबंध नव्हता. तिची पद्धतही वेगळी, डॉक्टरची नक्कल नाही, एकेका मुलाजवळ शांतपणे बसणं. या बाईंची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुढं त्या शांततेचं काम करणाऱ्या संस्थेतून एल साल्वादोरला गेल्या. १९८९ मध्ये तिथल्या सैनिकांनी त्यांना आणि त्यांच्या कोलंबियन सहकारी बाईंना पकडलं. कॅनडाच्या वकिलातीनं खटपट केल्यावर रिडना सोडलं, पण सहकारी आतच. तर या बाई दारातून परत फिरल्या. मैत्रिणीला सोडल्याशिवाय जाणार नाही म्हणून पुन्हा आत जाऊन बसल्या. शेवटी दोघींनाही सोडावं लागलं. विदूषक म्हणजे उथळ माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

न्यूयॉर्कमध्ये काम केलेले काहीजण आपापल्या वाटेनं निघाले आणि १९९१ पासून ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. कॅरोलिन सिमंड्सनी पॅरिसमध्ये 'ल रीर मेदसँ' काढली. म्हणजे 'हसू, वैद्य'. वेलिंग्टन नोगेइरांनी ब्राझीलमध्ये साओ पाउलोला 'आनंदाचे डॉक्टर' अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली. व्हिएन्ना, हॉलंड, स्वित्झर्लंड असं होत होत इस्रायलमध्ये २००२ मध्ये 'ड्रीम डॉक्टर्स' सुरू झाली, आणि तिथल्या हायफा विद्यापीठानं तर या विषयाची पदवीच ठेवली. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स प्रांतानं २०१५ मध्ये कायदा केला की सार्वजनिक रुग्णालयांच्या बालविभागात विदूषक असावेत. कायद्यानं हसू आणता येतं का, हा प्रश्न आहेच. पण कायद्यामुळं निदान कुणाला दारातून हाकलून देता येत नाही.

ही माणसं काम कशी करतात ते वाचल्यावर माझे बरेचसे गैरसमज गेले. माझ्या डोळ्यापुढं वाढदिवसाला येणारा जोकर होता, मोठ्यानं ओरडणारा, फुगे वाटणारा. तसं हे नव्हे. बहुतेक ठिकाणी ते जोडीनं जातात. वॉर्डात शिरण्याआधी नर्सकडून समजून घेतात, कुठल्या खाटेवर कोण, आज कुणाला सुई टोचायची आहे, कुणाच्या घरच्यांना वाईट बातमी कळली आहे, कुणाला हसवून टाके ताणायचे नाहीत. तोंडाला रंग फारसा नाही, नुसतं नाक. कपडे धुतलेले, हात धुतलेले, एका खाटेवरची वस्तू दुसऱ्या खाटेवर नाही. तिथं जंतू नेण्यापेक्षा न गेलेलं बरं.

आणि सगळ्यांत मुख्य, दारात थांबून विचारायचं, येऊ का? मूल नको म्हणालं तर परत जायचं. त्या खोलीत येणारा प्रत्येकजण, डॉक्टर, नर्स, रक्त काढणारा, जेवण आणणारा, न विचारता येतो. सलाइन नको म्हणायची सोय नाही, इंजेक्शन नको म्हणायची सोय नाही. विदूषक हा एकटा असा की त्याला पोर हाकलू शकतं. काही पोरं म्हणे रोज त्याला हाकलण्यासाठीच त्याची वाट बघतात.

भीती वाटणारी मुलंही असतात. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठानं चार ते सोळा वयाच्या अडीचशेहून जास्त मुलांना दवाखान्याची सजावट कशी असावी ते विचारलं, तर भिंतीवरची विदूषकाची चित्रं कुणालाच नको होती. मोठ्या मुलांनाही नकोत. चित्र विचारून आत येत नाही आणि हाकललं तरी जात नाही, मला तरी यात नवल वाटलं नाही.

आता अक्कांच्या प्रश्नाकडं येते. हे औषध आहे का? औषधाचा गुण मोजता यायला हवा. इटलीत फ्लॉरेन्सच्या बालरुग्णालयात झालेली एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशनला जाणारी चाळीस मुलं घेतली. वीसजणांबरोबर आई किंवा वडील. वीसजणांबरोबर आई-वडिलांपैकी एक आणि शिवाय विदूषक. भूल देईपर्यंत ही सगळी सोबत. विदूषक असलेली मुलं स्पष्टपणे कमी घाबरली. इथवर सगळं छान. पण त्याच पाहणीत तिथल्या डॉक्टर-नर्सना विचारलं, हे पुढं चालू ठेवायचं का? तर मुलांना फायदा होतो हे मान्य करूनही त्यांतले बहुतेकजण नको म्हणाले. कामात अडथळा येतो, वेळ जातो.

हे वाचून मला आधी राग आला. मग वाटलं, ऑपरेशनच्या खोलीत एकामागून एक रोगी घ्यायचे असतात, एकाला दहा मिनिटं जास्त लागली तर शेवटच्याला उद्या यावं लागतं, आणि तोही उपाशी बसलेला असतो. नर्सचंही चुकीचं नाही. पण माझ्या नातवाला दाराआड नेणारी माणसंही घाईतच होती. त्या वाचलेल्या दहा मिनिटांची किंमत आमच्या घरात महिनोन्महिने कोण भरत होतं, ते त्या हिशेबात नाही. दवाखान्यांत विदूषकांचं पुढं काय होणार, हे माझ्या मते पैशापेक्षाही या दहा मिनिटांवर ठरेल.

इस्रायलमध्ये एकदा विदूषकाची आणि भीती कमी करणाऱ्या मिडाझोलॅम या औषधाचीच तुलना करून बघितली. ऑपरेशनची वाट बघत असताना विदूषकाजवळची मुलं औषध घेतलेल्यांपेक्षाही शांत होती. पण तोंडावर भुलीचा मास्क आला की हा फरक टिकला नाही. म्हणजे त्यालाही मर्यादा आहे. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा २४ अभ्यासांचा, मिळून १६१२ मुलांचा, एकत्र आढावा आला. मुलांची भीती कमी होते, मन ठीक राहतं, याला त्यातून बराच आधार मिळाला. मात्र हे अभ्यास सगळेच सारख्या दर्जाचे नाहीत. कुणाला औषध दिलं ते रोग्याला न कळू देता तपासता येतं, कुणाजवळ विदूषक बसला होता ते कसं लपवणार?

बायकांच्या कानावर घालावी अशी आणखी एक पाहणी इस्रायलमधलीच. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ आत सोडल्यावर बाईला थोडा वेळ पडून राहायला सांगतात. त्या वेळी विदूषक आचाऱ्याचं सोंग घेऊन यायचा आणि बारा-पंधरा मिनिटं गोष्टी, युक्त्या, विनोद. २१९ बायका होत्या. विदूषक आला त्या गटात ३६.४ टक्के बायकांना दिवस गेले, नाही आला त्या गटात २०.२ टक्के. २०११ मध्ये हे छापून आलं आणि जगभर मथळे झाले. मी यावर भरवसा टाकणार नाही. एका दवाखान्यातली एक पाहणी. आणि आधीच ज्या बाईला सगळे "टेन्शन घेऊ नकोस म्हणजे होईल" म्हणून छळत असतात, तिला उद्या "हसली नाहीस म्हणून राहिलं नाही" असं ऐकवायला लोक कमी करणार नाहीत. पण त्या खोलीत छताकडं बघत एकटीनं पडून राहण्यापेक्षा कुणी येऊन हसवलं तर काय वाईट, एवढं मी म्हणेन. त्याला टक्केवारीची गरज नाही.

याहून मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच काम. इस्रायलमध्ये काही ठिकाणी लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची तपासणी करताना विदूषक सोबत असतो. इथं हसवणं हा शब्दच कमी पडतो. ज्या मुलीच्या अंगाला तिच्या मनाविरुद्ध हात लागला, तिची पुन्हा अंगाचीच तपासणी करायची. तिथं उशाशी बसलेला, तिचं ऐकणारा, तिनं सांगितलं तसं करणारा एकजण असणं. हे काम कसं करत असतील याचा विचार करून मी त्या दिवशी भाजी करपवली.

म्हाताऱ्यांचंही आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ३५ वृद्धाश्रमांत दर आठवड्याला विदूषक पाठवून बघितलं. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. उदासी कमी झाली नाही, पण स्मृतिभ्रंशानं होणारी तगमग, चिडचिड, येरझारा कमी झाल्या. माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं कुणाला ओळखत नव्हत्या. संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी सोडा" म्हणून दार धरून उभ्या राहायच्या. आम्ही समजावायचो, हेच घर आहे, आणि त्या जास्तच चिडायच्या. एकदा शेजारचा पोरगा म्हणाला, "चला आजी, गाडी आणलीय," आणि दोन खुर्च्या एकामागं एक मांडून भोंगा वाजवत त्यांना 'माहेरी' घेऊन गेला. त्या दिवशी त्या जेवल्या. तेव्हा आम्ही त्याला नाव ठेवलं नाही, पण आता कळतं की तो काय करत होता.

सगळं असं गोड नाही. ज्या बिग अॅपल सर्कशीतून हे निघालं, ती २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचं दवाखान्यांतलं कामही बंद पडलं. तिथल्या कलावंतांनी 'हेल्दी ह्यूमर' नावाची नवी संस्था काढून ते पुन्हा उभं केलं. जवळजवळ सगळीकडं हे काम देणग्यांवर चालतं. दवाखान्याच्या बिलात सलाइनच्या बाटलीला ओळ असते, विदूषकाला नसते. मग कोविड आला. पहिले म्हणून बंद झाले ते हेच. काही देशांतले विदूषक पडद्यावरून मुलांशी बोलायला लागले, इस्रायलमध्ये काहीजण ते सगळं संरक्षक कवच चढवून कोविड वॉर्डात शिरले, कवचावर नाक चिकटवून. कुणाला आवश्यक म्हणायचं आणि कुणाला नाही, हे त्या दिवसांत सगळ्यांनाच ठरवावं लागलं.

आपल्या देशात हे अजून नवं आहे. आपल्याकडं हसण्याचं वेड आलं ते हास्यक्लबाच्या वाटेनं. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारियांनी तो सुरू केला आणि बागाबागांतून हात वर करून हसणारी माणसं दिसायला लागली. ते वेगळं. तिथं निरोगी माणूस स्वतःसाठी हसतो. दवाखान्यात विदूषक म्हणून जाण्याचं काम दिल्लीत शीतल अगरवाल यांनी २०१६ मध्ये 'क्लाऊन्सेलर्स' या गटातून सुरू केलं, चाचा नेहरू बाल चिकित्सालयात. पुदुच्चेरीजवळ ऑरोविलमध्ये फिफ फर्नांडिस आणि हॅमिश बॉइड यांनी शिक्षणाची सोय केली आहे. बाकी बहुतेक ठिकाणी नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी जाणारे स्वयंसेवक. त्यांच्या मनाबद्दल शंका नाही, पण रविवारी रक्त काढायला कुणी येत नाही. पोराला भीती वाटते ती सोमवारी सकाळी. आणि आपल्या वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं, खाली जमिनीवर त्यांच्या आया. तिथं कुठल्या दारावर टकटक करून "येऊ का" विचारायचं? परदेशातली पद्धत उचलून इथं चालणार नाही, इथली माणसंच ती इथं बसवतील.

एक भीती मलाही आहे. आपल्याकडं चार लाल नाकं घेऊन दवाखान्यात जायचं, आजारी पोराबरोबर फोटो काढायचा आणि पेपरात द्यायचा, हे फार लवकर सुरू होईल. तसं झालं तर मात्र ते सरळसरळ कौत्कुच्य.

दुसऱ्या दिवशी आठवा अध्याय आणि उत्तम त्याग, म्हणजे दानाचा दिवस. त्या अध्यायात नऊ नोकषाय येतात. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. हास्याचं नाव पहिलं, आणि त्याच ओळीत भय. मी हात वर केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हटलं, "पंडितजी, हास्य मोहनीय कर्मात जातं, कबूल. काल कौत्कुच्यही झालं. पण घाबरलेल्या पोराचं भय काढायला कुणी तोंड वाकडं केलं तर तो अतिचार का वैयावृत्त्य?"

पंडितजी लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, वैयावृत्त्य हे तप मुनींच्या सेवेच्या अंगानं सांगितलंय, ते सैल करून वाटेल तिथं लावू नये. पण ज्या व्रताचा तो अतिचार आहे त्याचं नाव बघा. अनर्थदंड. अर्थ नसलेलं, प्रयोजन नसलेलं पाप. प्रयोजन काय आहे ते करणाऱ्यानं स्वतःला विचारावं. "आणि दानं चार आहेत," ते पुढं म्हणाले. "तुम्ही एकाचीच चर्चा का करताय?"

आहार, औषध, शास्त्र, अभय. घरी जाताना मोठ्या अक्का माझ्याबरोबर होत्या. वाटेत काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, "आमच्या धाकट्याला लहानपणी दवाखान्यात बांधून ठेवलं होतं ग. हात-पाय. सलाइन ओढतोय म्हणून." धाकटे म्हणजे आता पन्नाशीचे गृहस्थ. एवढंच बोलून त्या आत गेल्या.

पर्व संपल्यावर पुन्हा बैठक झाली. औषधदानाच्या पैशाला हात लावायचा नाही, ते औषधालाच, यावर अक्का ठाम राहिल्या आणि ते बरोबरच झालं. ज्याला गोळी परवडत नाही त्याच्यापुढं विदूषक उभा करणं म्हणजे थट्टा. वेगळी वर्गणी काढली. पण एक अट घातली, तीही अक्कांनीच. त्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी आपल्या सहीनं लिहून द्यावं की आम्हाला हे हवंय, ऑपरेशनच्या दिवशी त्यांना दहा मिनिटं देऊ. नाहीतर पोरं शिकून येतील आणि दारातच उभी राहतील. फिजिओथेरपिस्ट सूनबाईंनी पत्र नेऊन दिलं.

खजिनदार वहिनींनी वही उघडली. म्हणाल्या, "अभयदानाच्या रकान्यात आजवर पांजरपोळातल्या जनावरांच्या चाऱ्याशिवाय काही लिहिलेलं नाही ओ. काय लिहू?" कुणी म्हणालं, "विदूषक शिक्षण लिहा." कुणी म्हणालं, "नुसतं बालरुग्ण विभाग लिहा, उगीच ऑडिटला प्रश्न नको." शेवटी वहिनींनी रक्कम लिहिली आणि तिच्यासमोर पेन्सिलनं 'बालरुग्ण विभाग, भय निवारणार्थ' असं लिहिलं. दवाखान्याकडून पत्राचं उत्तर आलं की शाईनं लिहिणार आहेत. या गोष्टीला आता तीन महिने झाले.